आईचं एक साल आणि माझे नऊ दिवस

पहिली कळ आली त्या दिवशी माझ्याकडे नोकरी नव्हती, पण आजारपणाची पॉलिसी होती. बहुतेक लोकांचं याच्या उलट असतं. ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्याच्या घरात हप्ता भरावा की नाही यावर बोलणी चालू आहेत, त्याने हे वाचावं. ज्याला मूतखडा झाला आहे त्यानेही वाचावं. त्याची निदान करमणूक होईल.

मी जळगावच्या एका तेलगिरणीत वजनकाट्यावर कारकून होतो. सतरा वर्षं एकच काम. सरकीने भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा, रिकामा झाला की पुन्हा घ्यायचा, फरक काढायचा, चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर ती चिठ्ठी रद्द करून दुसरी. ही सवय पुढे आजारपणातही सुटली नाही.

दिवाळीनंतर गिरणी बंद पडली. फाटकावर ‘तात्पुरती बंद’ अशी पाटी लागली. वर्षभराने पाटीवरचा रंग उडाला, तरी गिरणी तात्पुरतीच बंद होती.

हप्ता

मेडिक्लेम तेव्हा नवीनच होतं. दवाखान्यात भरती व्हायचं, खर्च स्वतः करायचा, मग कागद दाखवून पैसे परत मागायचे. जळगावच्याच पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत अशी पॉलिसी कोणाकडेच नव्हती. पगार चालू होता तेव्हा एजंट सोनवणे यांनी गळ घातली म्हणून मी घेतली आणि दोन वर्षं भरली. तिसऱ्या वर्षाचा हप्ता आला तेव्हा गिरणी बंद होऊन तीन महिने झाले होते.

माझा मेहुणा सुरेश धुळ्याला दुकान चालवतो. तो नेमका आलेला होता. म्हणाला, “दाजी, नोकरी नाही आणि आजारी पडायचे पैसे आगाऊ भरता? आधी तारीख तरी ठरवा कधी पडायचं ते.”

आई आतून म्हणाली, “दुखनाले बलावनं धाडू नही.” म्हणजे आजाराला आमंत्रण धाडू नये. तिच्या मते पैसे भरणं हे आमंत्रणच होतं.

मी माझा हिशोब सांगितला. नोकरी असताना आजारी पडलो तर रजा असते, रजेचा पगार असतो. नोकरी नसताना पडलो तर काहीच नसतं. म्हणजे नोकरीवाल्यापेक्षा बेकारालाच पॉलिसीची गरज जास्त.

बायको सुमन म्हणाली, “बरोबर आहे. हेच जरा किराणावाल्याला समजावून सांगा.” हप्ता म्हणजे आमचा दोन महिन्यांचा किराणा होता. घरात दोन मुली शाळेत जाणाऱ्या.

या वादात तारीख उलटली. मला काळजी वाटली नाही, कारण आयुर्विम्याचा हप्ता महिनाभर उशिरा चालतो हे मला माहीत होतं. इथेही तसंच असणार असं मी धरून चाललो. इथे सवलत सातच दिवसांची होती. मी नवव्या दिवशी गेलो. खिडकीतल्या माणसाने पैसे घेतले, पावती दिली, आणि पॉलिसीवर आधी जिथे जुना नंबर असायचा तिथे ‘नवीन’ असं लिहिलं.

मी विचारलं, “यात बदललं काय?”

“काही नाही काका, फक्त नंबर.”

काट्यावर दहा किलोचा फरक न सोडणारा मी, तो शब्द मात्र तसाच घेऊन घरी आलो.

कळ

नंतर मला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे आठवड्यातून तीन दिवस वजनाचं काम मिळालं. चैत्र चालू होता. घड मोजत उभा असताना उजव्या बाजूला, पाठीतून पुढे, जांघेकडे जाणारी कळ आली. मी घडांच्या ढिगावरच बसलो. व्यापाऱ्याला वाटलं ऊन लागलं.

मूतखड्याच्या कळेबद्दल एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती: ती थांबते. चाळीस मिनिटं माणूस जमिनीवर लोळतो आणि मग एकदम काहीच नाही. चहा पिता येतो. दोन तासांनी पुन्हा. मी घड्याळ पाहत होतो, ओरडत होतो, आणि मधल्या वेळात मला खरंच प्रश्न पडत होता की आतला दगड तर तिथेच आहे, मग दुखणं जातं कुठे? नंतर डॉक्टरांनी सांगितलं की दगड दुखत नसतो, त्याला ढकलायची नळीची धडपड दुखते. नळी दमली की थांबते. हे कळल्यावर मला त्या नळीबद्दल थोडा आदरच वाटला.

गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, खूप पाणी प्यायला सांगितलं. खूप म्हणजे किती? “तीन लिटर.” मी घरचा तांब्या दुधाच्या मापाने मोजला. नऊशे मिली भरला. म्हणजे साडेतीन तांबे पुरेसे. शेजाऱ्यांनी कुळथाचं पाणी सांगितलं आणि केळीच्या खोडाचा रस सांगितला. जळगावात केळीच्या खोडाला तोटा नाही. तीन आठवडे मी रोज सकाळी तो तुरट रस पेलाभर प्यायलो. आणि लघवी मलमलच्या फडक्यातून गाळायची, खडा पडला तर दिसावा म्हणून. एकदा फडक्यात काळं काही दिसलं. मी आनंदाने सुमनला हाक मारली. तिने पाहिलं आणि म्हणाली, “मोहरी आहे. फडकं लोणच्याच्या बरणीचं आहे.”

मध्ये आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण आला. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर होता आणि मी उलट्या करत होतो. त्यानंतर ताप चढू लागला. थंडी वाजून ताप. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. धुळ्याला मूतखड्याचे चांगले सर्जन आहेत.

धुळे

जळगाव ते धुळे एसटीने तीन तास. सुमन एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. एरंडोलला आई म्हणाली, “आठे उतरी जाऊत का? तुना मामा शे.” एरंडोलजवळच आमचं गाव. त्रास झाला की माणूस आपल्या माणसांकडे जातो, डॉक्टरकडे का, हे तिला पटत नव्हतं.

सुरेश स्टँडवर आला होता. माझी अवस्था बघून घाबरला होता, पण त्याला विनोद केल्याशिवाय राहवत नाही. माझं नाव दगडू. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून हे नाव. सुरेश म्हणाला, “दगडूदाजींच्या पोटात दगड. आता डॉक्टर कोणता काढतात बघू.”

दवाखान्यात मला लगेच इंजेक्शन दिलं. सुमन खिडकीवर अनामत भरत होती, सुरेश रिक्षावाल्याशी बोलत होता. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन माझ्याजवळ आला. मला गुंगी येत होती. त्याने काहीतरी विचारलं, आईने उत्तर दिलं. मला दोघांचे आवाज ऐकू आले, शब्द नाही. पुढचं सगळं त्या दोन मिनिटांमुळे झालं.

दुसऱ्या दिवशी शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढले. ही तपासणी मला फार आवडली. औषध दिल्यावर पाच मिनिटांनी एक फोटो, पंधरा मिनिटांनी दुसरा, मग अर्ध्या तासाने. वेळ पाळून, ओळीने. मी फोटो बघायला मागितले. मोठ्या डॉक्टरांनी ते दिव्यासमोर धरले. डावी किडनी औषधाने भरून फुटलेल्या कपाशीच्या बोंडासारखी पांढरी दिसत होती. उजवी अर्ध्या तासानंतरही काळीच होती.

“उजवीच्या तोंडावर मोठा खडा अडकलाय. मागे पू झालाय. ती उद्या उघडायची,” डॉक्टर म्हणाले. मग पेन डावीवर ठेवलं. त्या बोंडात ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका होता. “आणि हा दुसरा. आज त्रास देत नाही. दोन्ही बाजू एका वेळी उघडत नाही आम्ही. तुम्ही बरे व्हा, मग ही. पण सहा महिन्यांच्या आत.”

“नाही केली तर?”

“उजवी किती काम करेल ते अजून सांगता येत नाही. डावी चांगली आहे. त्या चांगलीच्या तोंडाशी हा जाऊन बसला तर तुम्ही काय कराल?”

मी भीतीपेक्षा त्या ठिपक्याकडेच बघत होतो. एवढ्याशा गोष्टीवर एवढा माणूस अडकलेला. सुमन मात्र बाहेर जाऊन व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी हे नंतर सुरेशकडून ऐकलं.

अकरा दिवस

ऑपरेशनचं काही आठवत नाही, त्यामुळे सांगण्यासारखं नाही. नंतर अकरा दिवस राहिलो. कुशीत एक नळी, खाली एक नळी, दोन्हींच्या शेवटी बाटल्या. सकाळी सहाला नर्स बाटल्यांचे आकडे तक्त्यावर लिहीत असे. तिसऱ्या दिवसापासून मी तिच्याआधी वाचून ठेवू लागलो. एकदा तिचा आकडा पन्नासने कमी आला. मी दाखवून दिलं. ती म्हणाली, “काका, बाहेर एक जागा रिकामी आहे, अर्ज करा.” मी खरंच विचारलं कसली. लिफ्टमनची होती, आणि दवाखान्यात लिफ्ट अजून बसायची होती.

जे बरं वाटलं ते लिहून ठेवतो, कारण आजारी माणसाला कोणी या गोष्टी सांगत नाही. पहिल्यांदा कुशीवर वळता येणं. पहिला चहा. खोकला येतोय असं वाटताच उशी जखमेवर दाबायला शिकवणारा शेजारचा रुग्ण. सुमनने पाचव्या दिवशी आणलेली बिनमिठाची खिचडी, जी खाताना तीच म्हणाली, “काय बेचव केली आहे मी.”

खडा डॉक्टरांनी बाटलीत घालून दिला. बोराएवढा, पिवळट, काटेरी. घरी आल्यावर मी तो किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणला. सहा ग्रॅम.

पत्र

कागद सगळे व्यवस्थित जोडून मी दावा दाखल केला. महिन्याभराने पत्र आलं. इंग्रजीत होतं, पण चार ओळींचं. अर्थ असा: तुमची पॉलिसी फेब्रुवारीत नव्याने सुरू झाली. तुमचा आजार त्याआधीपासूनचा आहे. पॉलिसीच्या आधीपासून असलेला आजार यात बसत नाही. दावा नामंजूर.

मी विमा कंपनीच्या जळगावच्या कार्यालयात गेलो. तिथे महाजन नावाचे अधिकारी होते, पस्तिशीचे. त्यांनी फाईल काढली आणि केसपेपरची प्रत माझ्यासमोर ठेवली. इंग्रजीत लिहिलेलं होतं: पोटदुखी, एक वर्षापासून.

“एक वर्ष? साहेब, पाच आठवडे.”

“इथे वर्ष लिहिलंय. जुनी पॉलिसी चालू राहिली असती तर वर्षाने काही बिघडलं नसतं. पण तुमची खंडित झाली ना, नऊ दिवस.”

मी बाहेर येऊन सायकलपाशी उभा राहिलो. सुरेशचे काही पैसे, सुमनच्या भिशीचे काही, असे जमवून उजवीचा खर्च झाला होता. ते परत आले नाहीत तर डावीसाठी दुसरे नव्हते. सहा महिन्यांतला दीड महिना संपला होता.

साल

घरी येऊन मी विचारलं, “डॉक्टरला एक वर्ष कोणी सांगितलं?”

सुमन म्हणाली, “मी खिडकीवर होते.”

आई सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी सांगं.”

“काय सांगं, माय?”

“जे शे ते. मागला सालपाईन पोटमा दुखस.”

“मागला साल मी गिरणीमा व्हतू. तवय कोठे दुखे?”

आता तिने मान वर केली. मी मूर्खासारखं काही बोललो असावं तसं बघितलं. “आखाजीना पहिले नही का तुले कळ उनी? केळीना काटावर? आन धुळाले आपन आखाजी व्हयनी मंग गऊत. मंग ते मागलं साल नही का?”

सुमन आधी हसली, मग तिथेच खाली बसली.

इथे थोडं सांगावं लागेल. माझे वडील सालदार होते. खानदेशात शेतावरचा गडी वर्षाच्या बोलीने ठेवतात आणि ते वर्ष आखाजी ते आखाजी असतं. आखाजीला गडी मोकळा होतो, धान्य, कपडे, वहाणा यांची नवी बोली होते, कधी मालक बदलतो. आमच्या घरात कॅलेंडर नव्हतं. कोण केव्हा जन्मलं हे कोणाच्या शेतावरच्या सालात यावरून सांगायचे. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, आई पिंप्राळ्यात नळाचं पाणी पिते, पण तिचं साल अजून आखाजीलाच उलटतं. कळ आली आखाजीच्या वीस दिवस आधी. डॉक्टरने विचारलं आखाजीनंतर पंधरा दिवसांनी. मध्ये साल बदललं होतं. ती अगदी बरोबर बोलली होती.

तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिचा हात सुपात थांबला. “मी बोलनू ते त्यानी लिखी लिधं?”

“हां माय.”

“आन त्यावरतीन तुनं दुसरं आप्रेशन थांबनं?”

मी म्हटलं, तुझ्या एका सालामुळे नाही, माझ्या नऊ दिवसांमुळे. हप्ता वेळेवर भरला असता तर तू दहा सालं सांगितली असतीस तरी चाललं असतं. हे अगदी खरं नव्हतं, दोनच सालं चालली असती, कारण जुनी पॉलिसी दोनच वर्षांची होती. तिला काही पटलं नाही. त्या दिवसापासून शेजारणीने “भाऊनी तब्येत कशी शे?” विचारलं तरी ती म्हणे, “सुमनले इचारा.”

खाडाखोड

सुमन आणि मी धुळ्याला गेलो. तो तरुण डॉक्टर कोल्हापूरकडचा होता. बिचारा घाबरला. “मावशी म्हणाल्या मागच्या सालापासून. साल म्हणजे वर्ष. मी वर्ष लिहिलं. माझं काय चुकलं?”

“काही नाही चुकलं,” मी म्हटलं. “तुमच्याकडे साल कधी लागतं?”

“पाडव्याला.”

मोठे डॉक्टर हसले. “माझ्या इन्कमटॅक्सवाल्याचं एप्रिलला लागतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे बघा, केसपेपरात मी खोडणार नाही.”

“खोडूच नका. खोडलेला कागद मीच घेणार नाही.”

त्यांना हे आवडलं असावं. त्यांनी स्वतंत्र पत्र लिहायला घेतलं: रुग्णाच्या आईने सांगितलेला कालावधी स्थानिक बोलीमुळे चुकीचा समजला गेला, लक्षणं साधारण पाच आठवड्यांची होती. तेवढ्यात मी खिशातून खड्याची बाटली काढली. घरातून निघताना घेतली होती. बरेच दिवस एक शंका होती.

“डॉक्टर, दुखणं पाच आठवड्यांचं, हे नक्की. पण हा खडा किती दिवसांचा?”

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. “सांगता येत नाही. काही भराभर वाढतात. सहा महिने असेल. दोन वर्षंही असेल.”

“मग पत्रात तेही लिहा.”

सुमनने माझी बाही ओढली. डॉक्टरांनी ते बघितलं. “लिहू?”

“लिहा.”

परतीच्या एसटीत पारोळ्याला सुमन म्हणाली, “ते विचारायची गरज होती का?”

“विचारलं नसतं तर रोज मनात आलं असतं.”

“मनात आलेलं कंपनीला दिसत नाही. आणि डावीतला खडा तुमच्या मनात नाही, पोटात आहे.”

पण आईचा शब्द पूर्ण अर्थाने वाचावा अशी मागणी घेऊन मी जात होतो, आणि स्वतःचा कागद अर्धा ठेवणं मला जमत नव्हतं.

जबाब

महाजन साहेबांनी पत्र वाचलं आणि सांगितलं की आईचा जबाब लागेल. आई यायला तयार नव्हती. “मी काही बोलाव नही.” शेवटी सुमनने तिला रिक्षात बसवून आणलं.

साहेबांनी शुद्ध मराठीत विचारलं, “आजी, तुमच्या मुलाला हा त्रास कधीपासून आहे?”

आई माझ्याकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. साहेब म्हणाले, “त्यांनी सांगायचं नाही, तुम्ही सांगायचं.” साहेबांच्या हातातल्या पेनावरून तिची नजर हलेना.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “आक्का, तुमना मालक सालदार व्हतात का?”

आईने चमकून पाहिलं. “तुले कसं मालूम?”

“आमना घर बी सालदार राहे. चोपडाकडलं खेडं शे आमनं. आखाजीले त्याले नवं धोतर देत.”

“धोतर? आमले तर वहाणा बी देत. तुमना बाप चिंगूस व्हता का?”

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक हसले. साहेबही. मग त्यांनी सहज विचारलं, “पोऱ्याले कळ आखाजीना पहिले उनी का मांगे?”

“पहिले. वीस दिन व्हतीन. त्याना पहिले कधी त्यानं पोट दुखनं नही. दगड पचाडे.”

जबाब लिहिला, आईने अंगठा दिला. मग साहेबांनी वीस मिनिटं खर्चून सालदाराचं वर्ष म्हणजे काय हे एका पानावर इंग्रजीत लिहिलं. “निर्णय वरच्या कार्यालयात होतो. ते साहेब इकडचे नाहीत. त्यांना आखाजी समजावून सांगितली पाहिजे.”

शेवटी ते डॉक्टरांच्या पत्रातल्या त्या ओळीवर आले. “काका, हे वाक्य तुम्ही लिहून घेतलंत?”

“हो.”

“का?”

“कागद पूर्ण असावा म्हणून.”

त्यांनी बोटांवर हिशोब केला. “आम्ही आजार धरतो तो लक्षणांपासून. आणि खडा दोन वर्षांचा असेल तर तुमच्या जुन्या पॉलिसीत झाला. सहा महिन्यांचा असेल तरी जुनीच चालू होती. कसंही धरलं तरी खडा आमच्याच पॉलिसीत तयार झाला, मधले नऊ दिवस सोडून.”

“पण त्या नऊ दिवसांतच सुरुवात झाली असेल तर?”

“आता तुम्ही गप्प बसाल का?”

सुमन म्हणाली, “साहेब, हेही लिहून घ्या.”

डावी

पुढचे दोन महिने सगळ्यांत वाईट गेले. दुखत काहीच नव्हतं, तेच वाईट. डाव्या कुशीला जरा वात धरला तरी मी घड्याळ बघायचो. सुमन स्वयंपाकघरातून विचारायची, “काय झालं?” मी म्हणायचो, “काही नाही.” तिला माझा आवाज ओळखता येत होता आणि मला तिचा.

या काळात मी पुढचा हप्ता वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला एवढंच सांगतो: बेकारीत हप्ता भरायचा की नाही हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा, न भरण्याचं ठरलं तरी ते ठरवून करा. माझ्यासारखं वाद घालता घालता तारीख जाऊ देऊ नका. पॉलिसीवर एखादा शब्द बदललेला दिसला तर खिडकी सोडू नका. आणि दवाखान्यात भरती होताना कागदावर काय लिहिलं ते जागेपणी कोणीतरी वाचून घ्या.

सप्टेंबर संपता संपता पत्र आलं. दावा मंजूर, काही किरकोळ रकमा कापून. कापल्याचं कारण आणि बेरीज दोन्ही मी तपासली, बरोबर होती. खड्याच्या वयाबद्दल एक अक्षर नव्हतं. मला थोडी निराशाच झाली. निदान त्यांना तरी काही कळलं असेल असं वाटलं होतं. सुमनने ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि सुरेशच्या दुकानी फोन करायला मला चौकात पाठवलं. डॉक्टरांनी दसऱ्यानंतरची तारीख दिली.

आई धुळ्याला येणार नाही म्हणाली. “मी घर राहसू. पोरीस्ले जेवाले घालसू.” मुलींना जेवायला घालायला शेजारी होते. मी म्हटलं, तू नसलीस तर मला गुंगीत कोणाचा आवाज ऐकू येणार? ती आली, पण एसटीत, रिक्षात, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, कोणाशी एक शब्द बोलली नाही. भरती करताना तोच कोल्हापूरचा डॉक्टर होता. त्याने आईला वाकून नमस्कार केला आणि प्रश्न मात्र सगळे मला विचारले.

डावी किडनी सोपी गेली. खडा लहान होता, वाट चांगली होती. मला शुद्ध आली तेव्हा दुपार होती. सुमन पायाशी, आई उशाशी स्टुलावर. नर्स तक्ता भरायला आली. बाटलीचा आकडा लिहिला, नाडी लिहिली, आणि जाता जाता, हातात पेन तसंच, आईला म्हणाली, “आजी, जेवलात का?”

आईने पेनाकडे पाहिलं. मग सुमनकडे.

सुमन म्हणाली, “सांगा ना आई. त्या नाही लिहीत.”

आईने पदर नीट केला.

“जेवनू,” ती म्हणाली. “आजच जेवनू. दहा वाजता.”